दोन्ही कान शाबूत असताना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा कपडे दुरुस्त करून देण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोळ्यांना चष्मा आहे, गुडघे कुरकुरतात. दोन्ही कान उत्तम आहेत. हे शेवटचं वाक्य लिहिताना बरेच कागद फाडले, कारण या गल्लीत, या इमारतीत आणि वकीलसाहेबांच्या फायलीतसुद्धा मी चाळीसेक वर्षं ठार बहिरी आहे.

यापूर्वी तयार करून घेतलेलं, पण सही न केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. वाटणी त्यातही जवळजवळ हीच होती. पण वकीलसाहेबांनी रिवाजाप्रमाणे शेवटी एक ओळ घातली होती : 'लिहून देणारीस ऐकू येत नसल्याने तिने वरील मजकूर स्वतः वाचला, तो तिला समजला व मान्य आहे.' मी पेन हातात घेतलं आणि हात पुढे जाईना. तोपर्यंत मी खोटं बोलले नव्हते, असं मनाशी म्हणायची सोय होती, कारण मी बोललेच नव्हते. नुसती मान हलवली होती. आता खाली सही करायची होती. मी पोट दुखतंय असं कागदावर लिहून दाखवलं आणि घरी आले.

कलम पहिलं. हे काही मालमत्तेचं कलम नाही, पण याच्याशिवाय पुढची समजणार नाहीत.

मी शिक्षकाची मुलगी. आमच्या घरी जेवताना वाक्य चुकलं तर वडील घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "पहिल्यापासून म्हण." वाक्य दुरुस्त होईपर्यंत कुणी जेवायचं नाही. त्यामुळे न चुकणं माझ्या अंगात मुरलं, आणि त्याचा मला तोराही होता. लग्नानंतर आम्ही इकडे आलो. इथल्या भाषेत खुर्ची ना बाई ना पुरुष, आणि तू आणि तुम्ही एकच. मला वाटलं, सोपं आहे. मग कळलं की इथल्या क्रियापदाला शेपूट असतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला एक शेपूट, कानावर आलेल्या गोष्टीला दुसरं. शेपटाशिवाय वाक्य पुरं होत नाही. आपण 'तो गेला' म्हणून मोकळे होतो. कुणी पाहिलं, कुणी ऐकलं, याची चौकशी ज्याला हवी त्याने करावी.

आमच्या भिंतीपलीकडे बेकरीवाला राहायचा. रात्री इतका घोरायचा की आमच्या मांडणीवरची भांडी वाजायची. शेजारधर्म म्हणून मी त्याच्या बायकोशी बोलायचं ठरवलं. जिना उतरताना वाक्य पाठ केलं आणि भरल्या दुकानात म्हटलं, "तुमचे यजमान रात्री फार घोरतात, त्यांना बरं नाही का?" शेपूट मात्र डोळ्यांनी पाहिल्याचं लागलं. म्हणजे मी रात्री त्याच्या उशाशी होते, असं मी सगळ्या गिऱ्हाइकांना जाहीर केलं. सगळं दुकान हसत सुटलं. बेकरीवाला पिठाचे हात गल्ल्यावर टेकून हसत होता. त्याची बायको हसत नव्हती. त्या दिवसापासून मी 'साक्षीदारीणबाई' झाले. रोज सकाळी पाव देताना तो विचारायचा, "काय, आज काय पाहिलंत?"

पुढे एकदा पोस्टात खिडकीमागच्या बाईने मला काहीतरी विचारलं. उत्तर मला येत होतं. मी ते मनात लावत होते, शेपूट तपासत होते, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते. वेळ लागला. रांगेतला माणूस म्हणाला, "बाईंना ऐकू येत नसेल." खिडकीतल्या बाईचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने कागद पुढे केला. कागदावर मी बिनचूक लिहिलं, कारण लिहिलेलं खोडता येतं. कुणी हसलं नाही. तिने "कान?" अशी खूण केली आणि मी मान हलवली. एवढंच झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला तेव्हा वाटलं.

कलम दुसरं. राहती जागा, तिच्यातलं सामान आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या मुलीला द्यावं. तिच्याशिवाय कुणाचा हक्क नाही.

तिच्याबद्दल लिहिताना मान वर होत नाही. तिला दोन्ही भाषा पाळण्यातच आल्या. दुकानात, दवाखान्यात, शाळेत ती माझे कान झाली. घरी माझ्याशी भरभरून बोलणारी पोर उंबरठा ओलांडला की हातांनी बोलायची. एकदा शाळेत बाईंनी बोलावलं. बाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, पण फार खोटं बोलते. आईला सांग." आणि त्या सात वर्षांच्या मुलीने एक शब्द न गाळता, हातवारे करून ते मला सांगितलं. मी प्रत्येक शब्द आधीच ऐकला होता. मी बाईंच्या देखत तिच्याकडे डोळे वटारले. घरी येताना जिन्यात ती म्हणाली, "आई, मी कुठे खोटं बोलते? मी तर तुझंच बोलते." मी तिला गप्प बस म्हटलं, कुणी ऐकेल म्हणून.

बाळा, जागा तुझी आहेच. याची भरपाई त्यात नाही, हे मला कळतं.

कलम तिसरं. कपाटातला यांचा लोकरी कोट जावयांना द्यावा. बाही मी उसवून ठेवली आहे, लांबी बघून घालावी.

आमचे हे लेथवर काम करायचे. ते इथली भाषा मन मानेल तशी बोलायचे. शेपूट पुढे, डोकं मागे, कधी कधी दोन शेपटं. कारखान्यात लोक पोट धरून हसायचे आणि हेही त्यांच्यात हसायचे. दोन वर्षांत फाडफाड बोलायला लागले. मला म्हणायचे, "अगं, पडल्याशिवाय सायकल येते का कुणाला?" माझं सोंग त्यांना आधी गंमत वाटली. रस्त्यात मुद्दाम माझ्या कानाशी ओरडायचे. मग गंमत संपली. आजारपणात शेवटी एकदा म्हणाले, "मी गेल्यावर तू कुणाशी बोलशील?" मी सांगितलं, बघू. ते जाऊन आठ वर्षं झाली. मी अजून बघतेच आहे.

कलम चौथं. टेबलाच्या खणातलं कानाचं यंत्र सरकारी दवाखान्यात परत करावं. ते मी बॅटरी काढून वापरलं, कारण बॅटरी घातली की पंखासुद्धा गरजायचा. तपासणीच्या वेळी बाक पुरला नव्हता. एक खरे बहिरे आजोबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा नंबर आला तेव्हा त्या दिवसाची यंत्रं संपली होती. त्यांच्या सुनेने त्यांना तीनदा ओरडून सांगितलं तेव्हा कळलं. मी यंत्र पिशवीत घातलं आणि निघून आले.

कलम पाचवं. बेकरीवाला गेला, आता मुलगा दुकान चालवतो. त्याला काहीही देऊ नये. घरी लोक आले तर पाव मात्र तिथूनच आणावा, चांगला असतो.

कलम सहावं. शिवणाचं मशीन, कात्र्या आणि मापाच्या पट्ट्या माझ्या इस्त्रीवाल्या मैत्रिणीला द्याव्यात. (हे कलम पुढे खोडलं आहे. का, ते खाली येतं.)

ती तळमजल्यावर राहते. मी कपडे उसवून शिवते, ती त्यांना इस्त्री करते. दर गुरुवारी दुपारी ती तिची इस्त्री घेऊन वर माझ्याकडे येते, कारण तिच्या खोलीला खिडकी नाही. मी शिवते, ती इस्त्री फिरवते आणि बोलते. सुरुवातीला ती स्वतःशी बोलायची, मग माझ्याशी बोलायला लागली. मी बहिरी म्हणूनच. माझ्या तोंडावर हसून म्हणायची, "तुझा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी आहे गं." मी मान डोलवायचे. घरमालकाची नक्कल करायची, तेव्हा हसू दाबायला मी टाचण्या तोंडात धरायचे. तिच्या भाषेत तू-तुम्ही नाही, पण मी मनात तिला पहिल्यापासून तूच म्हणत आले.

तिची भाषा मी तिच्याकडूनच शिकले. व्याकरणाच्या पुस्तकात शेपटं होती, पण रागात ती कशी गळतात, लाज वाटली की पाहिलेल्या गोष्टीलाही माणूस ऐकल्याचं शेपूट कसं लावतो, हे पुस्तकात नव्हतं. बहिऱ्या बाईपुढे कुणी काही झाकत नाही. फुकट शिकवणी घेतली मी तिच्याकडून, तिला न विचारता.

तिने आपल्या बहिणीविषयी मला एक गोष्ट सांगितली. ती मी इथे लिहिणार नाही. ती माझी नाही. सांगून झाल्यावर तिने माझा हात थोपटला आणि म्हणाली, "तुला ऐकू येत नाही तेच बरं. नाहीतर कुणाला सांगितलं असतं मी?" मग इस्त्री हातात तशीच धरून तिने विचारलं, "मी चुकले का गं?"

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. साधं चार शब्दांचं, शेपटासकट बरोबर, पुन्हा पहिल्यापासून म्हणायची गरज नव्हती. मी सुईत दोरा ओवत राहिले. तिने खाली मान घालून कॉलरवर पाणी शिंपडलं. त्या दिवसाची आठवण झाली की मला माझ्याच घरात बसवत नाही.

माझा बेत असा होता की हे सगळं तिला मी गेल्यावर, या कागदातून कळावं. मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "वा. म्हणजे तू सुटलीस. आणि ती बिचारी वकिलाच्या कचेरीत बसून चार लोकांत हे ऐकणार, आणि चिडायला समोर कुणी नाही. आई, आयुष्यभर तुझं मी बोलले. हे तूच बोल."

म्हणून ठरवलं. पण मैत्रिणीला सांगायचं म्हणजे तिच्याकडून तिचा एकुलता एक ऐकणारा कान काढून घ्यायचा. न सांगावं तर तो कान चोरीचा. दोन्हीकडून तोंड काळं माझंच होतं.

यापुढचा मजकूर आज लिहिला.

आज गुरुवार. ती नेहमीप्रमाणे आली, इस्त्री तापत ठेवली. मी कागद मांडीवर घेऊन बसले होते. वाचायला तोंड उघडलं आणि कागदावरचं काही निघालंच नाही. निघालं ते जुनं उत्तर. "नाही, तू चुकली नाहीस."

तिने आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "कोण बोललं?"

"मी," मी म्हटलं.

तिने इस्त्री उभी केली, तिचं बटण बंद केलं आणि स्टुलावर बसली. मग मी हे सगळं तिच्या भाषेत तिला वाचून दाखवलं. इतकी वर्षं कानांनी शिकलेली भाषा जिभेवर येताना ठेचकाळली. दोनतीन ठिकाणी शेपटं चुकली, एकदा तर पुन्हा तेच, पाहिल्याचं. ती हसली नाही. एवढ्यावर तरी हसायला हवं होतं तिने.

वाचून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "चहाचंसुद्धा ऐकलंस?"

"हो."

"सगळ्या वेळी?"

"सगळ्या."

ती उठली आणि जिना उतरून गेली. इस्त्री माझ्याकडेच राहिली. मी तिथेच बसून रडले, मोठ्याने, कारण आता कुणी ऐकलं तरी चालणार होतं.

ठरल्या वेळी सह्यांसाठी वकीलसाहेब आणि घड्याळं दुरुस्त करणारे चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ आले. त्यांच्या मागून ती पण आली. मी वकीलसाहेबांना "या, बसा" म्हटलं, तेव्हा त्यांच्या हातातली फाईल खाली पडली. ते सावरल्यावर त्यांनी नियम सांगितला : ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार होऊ नये. ती म्हणाली, "मग मशीन खोडा. मी सही करणार." मी नको म्हणत होते. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. सहावं कलम तिच्यासमोर खोडलं. मशीनही मुलीकडे जाईल. या कागदाचा इथल्या भाषेतला उतारा कार्यालयासाठी सोबत जोडला आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः मोठ्याने वाचला, स्वतःच्या कानांनी ऐकला. तो खरा आहे. त्याची मला लाज वाटते, आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण : माझी शिवणाची खोली.
तारीख : गुरुवार. (नुसता वार चालत नाही म्हणून वकीलसाहेबांनी तारीख शिक्क्यात घातली आहे.)

लिहून देणारीची सही : केली.

साक्षीदार पहिला, घड्याळं दुरुस्त करणारे : सही. शेरा नाही.

साक्षीदार दुसरी, इस्त्रीवाली : सही. शेरा तिने तिच्या भाषेत, तिच्या हाताने लिहिला. त्याचं भाषांतर मीच करावं असा तिचा हट्ट होता, ते असं :

'हे तिने माझ्यासमोर वाचलं. मी ऐकलं. गुरुवारी नेहमीप्रमाणे येईन. चहा मी करीन. यापुढे तिने बोलायचं. मला ऐकू येणार नाही.'