चाराच्या झाडाची अब्रू

मु. बिरसी, ज्येष्ठ महिना

आदरणीय व्याहीबुवा चैतरामजी यांना शालीकरामचा रामराम.

आमच्या घरच्या सावित्रीबाईंचा गुडघा सोडला तर इथं सगळे ठीक आहेत. तुमची शुगर कशी आहे? हर्षा वेळेवर जेवू घालते ना? (मुलगी माझी असली तरी तक्रार ऐकून घेईन.) पुण्याची हवा मानवली असेल तर मात्र कळवू नका, वाईट वाटेल.

लिहायला हात धजत नाही, पण कै. प्रेमिला विहीणबाईंनी बांधावर लावलेलं आणि पुण्याला जाताना तुम्ही माझ्या हवाली केलेलं चाराचं, चारोळीचं झाड माझ्यामुळे बदनाम झालं. झाड उभं आहे, घाबरू नका. झालं असं, की आचल नावाची एक संशोधक मुलगी आली. ओडिशापासून आपल्या गोंदियापर्यंत चाराच्या झाडांची माहिती ही मंडळी एका ठिकाणी गोळा करून राहिली आहेत: कोणाची चारोळी मोठी, कोणाची गोड, पानावरून वंश कोणता. ही माहिती कोणालाही संगणकावर पाहता येते, आणि उत्तम झाडांची कलमं गावोगाव जातील म्हणे. मी छाती फुगवून विहीणबाईंचं झाड दाखवलं. तिनं पानं घेतली आणि बजावलं, "काका, फळं काळी होईपर्यंत हात लावू नका. मी येऊन मोजते."

पण तुम्हाला गाव ठाऊक आहे. रानातल्या चाराची फळं लोकांनी हिरवीच ओरबाडली. मला वाटलं, आता आपल्या झाडाची पाळी. सावित्रीबाई ओरडल्या, "काऊन तोडून राहिले जी? पिकू तं द्या!" मी म्हटलं, "पिकेपर्यंत पोट्टे ठेवतीन काय?" आणि सगळं झाड खुडून घरात आणलं. (वरून बिरसीच्या विमान शिकवणाऱ्या शाळेचं विमान घिरट्या घालत होतं. तेही फळांवर टपलं आहे असं मला वाटलं, इतकी मती फिरली होती.)

आचलबाई मोजायला आल्या आणि त्यांनी ती खुडलेली फळं फोडली. आत तांदळाच्या कणीएवढा गर. त्यांनी तोलला आणि लिहिलं: अगदी लहान. मी हात जोडले, "बाई, झाड असं नाही. त्याच्या चारोळीनं आमच्या दोन्ही घरची लग्नं गोड झाली." त्या म्हणाल्या, "जे मोजलं तेच लिहावं लागते, काका." "मग माझी चूकही लिहा," मी म्हटलं. त्यांनी खाली शेरा टाकला: फळे मालकाच्या व्याह्याने कच्ची तोडली. आता माझी अक्कल थेट ओडिशापर्यंत दिसते. ते चालेल. विहीणबाईंच्या झाडासमोर 'लहान' हा शब्द पाहवत नाही.

आपला,
शालीकराम

ता. क. पुढच्या वैशाखात आचलबाई पुन्हा मोजणार आहेत. त्या वेळी मालक हजर लागतो. आधी महिनाभर राखणीलाही या.

ता. क. दुसरा: सावित्रीबाईंनी पत्र वाचलं. खरं लिहा म्हणतात. मालक लागतो असं आचलबाई बोलल्या नाहीत. ते मीच घातलं. संध्याकाळी बांधावर एकट्यानं बसवत नाही, व्याहीबुवा.