माझ्यामागे कासवाला कोण भरवणार

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, धंदा उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसणे, शिक्षण सातवीपर्यंत आणि तेही रडतखडत, आज डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. जबरदस्ती कोणाची नाही. मुकादम एवढंच म्हणाला, की सोमवारपासून नव्या मनोऱ्यावर चढणाऱ्याने आपल्या मागे कोणाला काय द्यायचं ते लिहून द्यावं. बाकीच्यांचं एका ओळीत उरकलं. माझं उरकत नाही, कारण माझ्या मागे एक कासव आहे.

१. घर. मला नाही. खोलीत खिडकीजवळची एक खाट आहे, तीवर तीन पाळ्यांत आम्ही तिघे झोपतो, म्हणजे एक तृतीयांश माझी. माझा भाग उरलेल्या दोघांनी भांडण न करता वाटून घ्यावा. उशी मात्र माझी एकट्याची आहे, ती कोणी घेऊ नये, तिला वास येतो.

२. बँकेत जे असेल ते आईचं. त्यात वाद नाही.

३. हत्यारं. काचेवरचं पाणी ओढायची रबरी पट्टी, कमरेचा पट्टा आणि कामावरचं हजेरीकार्ड थोरल्या भावाला द्यावं. सायकलच्या दुकानात त्याला पट्टीचा उपयोग नाही, हे मला माहीत आहे. उपयोग कार्डाचा आहे. मी निघालो त्या दिवशी तो गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, ‘याच्या पायाला भिंगरी आहे. एका जागी चार महिने टिकून दाखव, मग मला दादा म्हण.’ त्याआधी मी सहा कामं सोडली होती, त्यामुळे तोंड उघडायला जागा नव्हती. कार्डावर सत्तावीस महिन्यांचे शिक्के आहेत. एकेक बघावा. फोनवर मी अजूनही ‘घरातले कसे आहेत’ असंच विचारतो, दादा म्हणत नाही.

टिकलो त्याला कारण माझा शहाणपणा नव्हे. कोपऱ्यावरच्या शोभेचे मासे विकणाऱ्याने दुकान कायमचं बंद करताना बिस्किटाएवढं कासव माझ्या हातावर ठेवलं. म्हणाला, घेतलंस तर जगेल. दुसऱ्या महिन्यात नेहमीसारखं सगळं टाकून जावंसं वाटलं, पिशवीही भरली. मग मनात आलं, याला भरवणार कोण? पिशवी रिकामी केली. असं चार वेळा झालं.

४. कासव. आम्ही त्याला पाहुणा म्हणतो. तो पलीकडच्या खाटेवरच्या वेल्डरकाकांना द्यावा, पुढील अटींवर.

(क) दिवसातून एकदाच खायला घालावं. सुरुवातीला आम्ही तिघेही पाळीवरून आलो की पहिल्यांदा त्यालाच भरवायचो. प्रत्येकाला वाटायचं, बिचारं सकाळपासून उपाशी आहे. ते मान वर करून बघायचंही तसंच, लबाड. तिघांचे लाड आणि वर गोड फळं. पाठ मऊ पडली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बोटाने दाबून बघितलं आणि आम्हा तिघांना शाळकरी पोरांसारखं झापलं. तेव्हापासून टबच्या काठाला कपड्यांचा चिमटा आहे. ज्याने भरवलं त्याने तो लावायचा, सकाळी पहिल्यांदा उठणाऱ्याने काढायचा.

(ख) अजून लहान आहे, म्हणून मुख्य खाणं सुक्या, बिनमिठाच्या बारीक मासळीचं. सोबत भाजी चिमूटभर: गाजर किंवा लाल भोपळा बारीक किसून, नाहीतर सॅलडचं पान फाडून. मोठं होईल तशी भाजी वाढवावी. पालक नेहमी देऊ नये. पपई, सफरचंद आठवड्यातून एकदा, नखाएवढं. मीठ, तेल, आपल्या ताटातलं काहीही नको.

(ग) ते पाण्यातच गिळतं. खाणं वेगळ्या टबात द्यावं आणि अर्ध्या तासाने उरलेलं काढावं. रोज कोवळ्या उन्हात ठेवावं, खिडकीची काच उघडून.

५. आईला सांगायची गोष्ट. एकदा भोपळा किसताना तिचा फोन आला. काय जेवलास म्हणाली. हातात होतं ते तोंडातून गेलं, भोपळा. लहानपणी भोपळ्याचं ताट मी ढकलून द्यायचो, त्यामुळे तिला इतका आनंद झाला की मागे घेता येईना. तेव्हापासून मी तिला कासवाचं जेवण माझं म्हणून सांगतो. आज गाजर, आज पपई. मी खातो पाव आणि उकडलेलं अंडं. दर वेळी ती म्हणते, ‘घरी ये, मी करून घालते.’ मी म्हणतो, सुट्टी मिळत नाही. सुट्टी दोनदा मिळाली होती. कासव गाडीत नेता येत नाही म्हणून गेलो नाही, असं स्वतःला सांगितलं. दोरावर असताना कधी आतल्या स्वयंपाकघरात एखादी बाई किसणी घेऊन बसलेली दिसते, आणि मी तीच काच दोनदा पुसतो.

इथपर्यंत लिहून मी वेल्डरकाकांना सहीसाठी वाचून दाखवलं. त्यांनी पेन घेतलं नाही.

‘मरायची वाट कशाला बघतोस? कासव आजपासून माझं. तू सुट्टीचा अर्ज टाक.’

मी म्हणालो, ‘काका, तुम्ही गाजर जाड किसता.’

‘किसतो जाड. पण तू त्याच्या पाठीआड लपू नकोस. तुला कासवाची काळजी नाही, घरच्या दाराची भीती वाटते.’

दोन वर्षांनी जाऊन दोन दिवसांत पाय पुन्हा वळवळले, तर भावाचंच खरं होईल, ही ती भीती. पण आई थकत चालली आहे आणि फोनवर पोट भरत नाही, तिचंही आणि माझंही.

६. म्हणून कलम चार माझ्या मरणावर न ठेवता आजपासून लागू. मनोऱ्यावर दुसऱ्याला पाठवावं, असं मुकादमाला सांगितलं आहे. कलम पाच कोणी आईला सांगू नये, मी समोर बसून सांगेन. कलम तीनमधलं कार्ड मीच नेतो.

आज दुपारी काकांनी माझ्यादेखत गाजर किसलं. जाडच किसलं. मला वाटलं, त्यांच्या हातच्या खाण्याला पाहुणा तोंड लावणार नाही. त्याने सगळं खाल्लं, आणि मान वर करून त्यांच्याकडेच बघितलं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, चुकाही माझ्याच.

सही: (माझी)

साक्षीदार १: वेल्डरकाका. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं खालचा न्हावी म्हणतो. काका म्हणतात, याला मिळणं म्हणत नाहीत.

साक्षीदार २: तोच न्हावी. त्याने मजकूर वाचला नाही, मला सही करताना पाहिलं.

ठिकाण: तिसरा मजला, खिडकीजवळची खाट.
तारीख: सुट्टीच्या अर्जावर आहे तीच.