उतरवलेल्या तारा

१० जून १९६७. पाम.

घरावरची कौलं झाली. सरपण आत घेतलं. उरली होती ती शशीची गिटार. दमट हवेनं मान वाकू नये म्हणून सहाही तारा उतरवल्या, जुन्या धोतराची खोळ शिवली, आत घालून फडताळात ठेवली. वडील त्यांचा तंबोरा असाच ठेवायचे. तारा उतरवून, चार महिने खोळीत. कसं नेमकं आठवलं! मनाला बरं वाटलं. पोराची एवढी तरी वस्तू नीट जपली म्हणायची.

११ जून

दिवेलागणीला सौ. देवापुढे दिवा लावून नेहमीसारखी शशीच्या खोलीत गेली. खिळ्यावर गिटार नाही. मी फडताळातून काढून दिली. तिनं अंगठा फिरवला. वरून खाली, एकदाच. तो गेल्यापासून आठ महिने रोज फिरवते तसा.
तारा नुसत्या फडफडल्या. गोणपाट झटकावं तसा आवाज.
"अहो, हे काय केलंत?"
सांगितलं. दमट हवा, वडिलांचा तंबोरा, मान. सगळं ऐकून घेतलंन. मग म्हणाली,
"त्यानं लावून ठेवली होती ना ती."
एवढंच. भाजी चिरायला गेली.

त्यानं लावून ठेवली होती. पालघरला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी अंथरुणात उशीला टेकून. डोळे हळदीसारखे पिवळे, तरी कान लाकडाला लावून एकेक खुंटी पिळत होता. मी दारातून ओरडलो होतो, "पडून राहा रे जरा!" नंतर त्या खुंट्यांना कुणाचा हात लागला नव्हता. माझा लागला.

१४ जून

सौ. त्या खोलीत जात नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

पेटी काढली, तारा चढवून पाहिल्या. तिच्या अंगठ्याखाली जो एक भरलेला, गोल सूर उठायचा तो माझ्या कानात अगदी स्पष्ट आहे. पेटीवर शोधायला बोट ठेवलं की नाहीसा. चौतीस वर्षं मुलांना कविता चालीवर शिकवल्या. एक चाल विसरलो नाही. सहावीच्या वर्गातली पोरं खिडकीच्या गजांना धरून, माना हलवत म्हणायची, आणि तिसऱ्या बाकावर शशी, माझाच मुलगा, मला "गुरुजी" म्हणणारा. त्या सगळ्या चाली आहेत. हा एक सूर नाही.

२ जुलै

पालघरला गेलो. लग्नात वाजवणाऱ्या बँडच्या मास्तरांना गिटार दाखवली. त्यांनी पाच मिनिटांत लावली, सहा तारांचे सहा सूर कागदावर लिहून दिले. "ही जगात सगळीकडे अशीच लावतात. आता बरोबर आहे." छत्रीखाली गिटार आणि मी बाहेर भिजत, असा परत आलो.

सौ.ला मुद्दाम बोलावलं. पदराला हात पुसून आली, अंगठा फिरवला.
"सहा माणसं सहा दिशांना तोंडं करून बसलीत."
"अगं, बरोबर लागली आहे म्हणतात ते."
"असेल. शशीची नाही."

मुलांच्या वह्यांत लाल शाईनं किती हजार वेळा "बरोबर" लिहिलं असेल मी. त्या शब्दाचा आज पहिल्यांदा कंटाळा आला.

९ जुलै

एक आठवलं! शशी या ओटीवर बसून म्हणाला होता, "बाबा, माझी निराळी लावलीय. बोटं वाकडी करायला नकोत. एक बोट आडवं ठेवलं की झालं. तुमच्या भजनी मंडळापेक्षा सोपं." मी हसलो होतो आणि वर्तमानपत्र वाचू लागलो होतो. कशी लावलीय, एवढं विचारलं असतं तर? दोन मिनिटांचं काम होतं.

पण यातून एक कळलं. बोट न लावताच सहाही तारांचं आपसात जमलं पाहिजे. वहीच्या मागच्या पानावर प्रयोग लिहायला घेतले. प्र. १: नुसते सा आणि प, तंबोऱ्यासारखे.
सौ.: "देवळात बसल्यासारखं वाटतं. तो कुठे देवळात बसायचा?"

१६ जुलै

प्र. २, ३, ४ वाया. बोटांची अग्रं सोललीत, खडू धरून धरून तयार झालेला घट्टा इथे उपयोगी नाही. वृत्तात गण पाडावेत तसा तारांचा हिशेब मांडतो. कागदावर सुंदर दिसतो. वाजवला की यती चुकलेल्या ओळीसारखा मध्येच तोंडावर पडतो.

या वयात नवं शिकायला लागणं म्हणजे पाटीवर पेन्सिल करकरणं. आणि शिकवणारा नाही.

२३ जुलै

प्र. ७. जाड तारेपासून: प सा प सा ग प.
सौ.नं अंगठा फिरवला आणि थांबली. आपणहून दुसऱ्यांदा फिरवला!
"ओळखीचा आहे," म्हणाली. "पण घरातला नव्हे. शेजारून ऐकू येतो तसा."
चहा दोघांनी एकत्र घेतला. पुष्कळ दिवसांनी.

आता वर्षश्राद्धाच्या आत लागलीच पाहिजे. आश्विन शुद्ध पंचमी. पिंड, दर्भ, भटजी हे सगळं होईलच. त्या संध्याकाळी हिच्या अंगठ्याखाली तो सूर असला पाहिजे. दुसरं काही मागत नाही.

३० जुलै

तिसरी तार तुटली. मी लोभानं चढवत गेलो. अजून जरा, अजून जरा. गालावर सपकारा बसला, रक्त आलं. त्याचं काही नाही.
शशीची बोटं लागलेली तार होती ती.

सौ.नं दोन्ही तुकडे उचलले, वेटोळं केलं, कुंकवाच्या करंड्याशेजारच्या डबीत ठेवलं. मला हळद आणून दिली गालाला.

२० ऑगस्ट. नारळी पौर्णिमा.

सातपाटीला गेलो. हरेश्वर तांडेल माझा जुना विद्यार्थी, आता होडीचा मालक. होड्या रंगवून किनाऱ्यावर उभ्या, वाजत गाजत नारळ निघालेला. त्या गर्दीत मला हाताला धरून त्यानं घरी नेलं, नारळीभात पुढे ठेवला. कसे आलात, म्हणाला. तारेचं सांगितलं.
"मास्तर, नायलॉनचा दोरा हाय ना आमच्याकडं. जाळ्याचा. घोल मासा वडला तरी तुटत नाय."
"अरे, ती पोलादी तार असते."
"घेऊन तर जावा. सूर नाय गावला तर पापलेट तरी गावंल."
त्याची बायको आतून ओरडली, "मास्तरांची मस्करी करताव? लाज नाय वाटत?" मग बाहेर येऊन हळूच मला म्हणाली, "शशीभाऊ आमच्या हळदीला वाजवाला आलता. तुमाला ठाव नाय?"
मला ठाव नव्हतं. हळदीला वाजवत होता, सातपाटीत, या लोकांत, आणि घरी येऊन मला म्हणायचा, कामावर उशीर झाला.
"कसं वाजवायचा गं?"
"ते कसं सांगू? बरा वाटायचा जिवाला."

२७ ऑगस्ट

नायलॉन लावला. तिसऱ्या तारेवर सूर येतो, पण तोंडात लाडू धरून बोलल्यासारखा. सौ. हसली! तिला हसताना पाहून मीही.
शशी असता तर पोट धरून हसला असता.

५ सप्टें.

काही नाही. प्र. ११ पर्यंत आलो. लिहिण्यासारखं काही नाही.

११ सप्टें.

वाडीत चिकूच्या झाडाखाली बसून राहिलो सकाळभर. मुलांकडून पाठ करून घेतलेल्या कवितांत आई होती, पाखरं होती, घरी परतणारी गुरं होती. बाप कुठल्या कवितेत होता, आठवून पाहिलं. एक सापडला, तोही रागावणारा.

१७ सप्टें.

लॉरेन्स परत आला! शशीबरोबर तारापूरच्या अणुवीज प्रकल्पावर होता. हा वेल्डर, शशी नकाशे काढणारा. गिटार मूळची याचीच. पावसाआधी आईच्या आजारपणात गोव्याला गेला होता, पत्ता कुणाकडे नाही. आज बोईसरला बाजारात कुणी म्हणालं, तो आलाय. तसाच कामगारांच्या चाळीत गेलो. मला पाहून उठून उभा राहिला, हातातली थाळी तशीच.
"मास्टरजी, आप आए?"
बसलो. म्हटलं, शशी कशी लावायचा रे? त्यानं एक बोटही न उचलता सांगितलं. जाड तारेपासून: सा प सा ग प सा.
"मैंने सिखाया उसको. मुझे अमरीकी साहब लोगों में से एक ने. उसने किससे सीखा, भगवान जाने."
सा प सा ग प सा. इतकं सोपं. माझ्या प्र. ७ पासून हाकेच्या अंतरावर. मी बोटांवर मोजून पाहिलं. तेव्हा त्यानं विचारलं, "उसके बाद किसीने खुंटी को हाथ नहीं लगाया?"
"कुणीच नाही. आठ महिने, मी लावीपर्यंत."
"तब तो बहुत उतर गई होगी, मास्टरजी. समुंदर की हवा है. तार अपने आप उतरती है, रोज थोडी थोडी."
मला त्या वेळी ते ऐकायचं नव्हतं. सा प सा ग प सा घोकत चालत घरी आलो, पाढे पाठ करणाऱ्या पोरासारखा.

१ ऑक्टो.

लॉरेन्स स्वतः आला, मुंबईहून मागवलेली पोलादी तार घेऊन. तिसरी घातली, माझ्यासमोर सहाही लावल्या. मी पेटीवर पडताळल्या. चोख. सौ. माहेरी गेली होती, बरंच झालं. खोळीत घालून ठेवली. पंचमीला काढायची.
ल. जेवून गेला. जाताना रिकाम्या खिळ्याकडे बघत म्हणाला, "मेरी गिटार थी. अब नहीं."

८ ऑक्टो. आश्विन शु. ५.

वर्षश्राद्ध झालं. भटजी, जेवणं, कावळा. कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, पोर तृप्त आहे.

पाहुणे गेल्यावर गिटार खिळ्याला लावली. सौ.नं दिवा लावला. म्हटलं, "चल." आली. अंगठा फिरवला.
तोच सूर. भरलेला, गोल. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. कानात होता तोच, अगदी तोच, आणि मी तिच्याकडे पाहिलं.
हात तारांवर तसाच ठेवून उभी होती.
"हा शशीचा," म्हणाली.
मी म्हटलं, "हो ना! हो ना!"
"तो ओटीवर बसून वाजवायचा तेव्हाचा. माझा नव्हे हा."
मला कळेना.
"तो गेल्यावरचा निराळा होता. रोज जरासा खाली जायचा. तुम्हाला नसेल कळत, मला कळायचं. कालच्यापेक्षा आज जरासा. एक तार आधी, मग दुसरी. मी म्हणायचे, जाऊ दे सावकाश. आपण रोज एकदा सोबत करावी. अगदीच गप्प होईल त्या दिवशी मीही..."
पदरानं गिटारीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

ती त्याला रोज थोडं थोडं पोचवत होती. आणि मी एका दुपारी, सहा खुंट्या फिरवून

९ ऑक्टो.

काल वाक्य पुरं करता आलं नाही. आजही होत नाही.
आठ महिने त्याच घरात होतो. रोज दिवेलागणीला तो आवाज ऐकत होतो. म्हणायला कान तयार! मला रोज एकच ऐकू आलं.

११ ऑक्टो.

सौ. खोलीत गेली नाही. तिसरा दिवस. विचारलं, परत सैल करू का, तू होतीस तिथपर्यंत? मान हलवली. "ते कुणाला करता येतं?"
खरं आहे. प्र. १२ वहीत लिहिणार होतो. वहीच मिटली.

१४ ऑक्टो.

दुपारी पेटी घेऊन गिटारीजवळ बसलो, नुसता ऐकायला. नव्या तारेचा ग खाली आला आहे. पुरता एक केस. ल. म्हणाला होता, नवी तार लवकर उतरते. हात खुंटीकडे गेला. सवय. चौतीस वर्षांची. हात मांडीखाली दाबून धरला आणि उठलो.

जेवताना सौ.ला सांगितलं, "तिसरी उतरायला लागली. मी हात लावलेला नाही. लावणार नाही."
तिनं आमटी वाढली. म्हणाली, "किती?"
"केसभर."
"हं."

आता संध्याकाळ. ओटीवर दाराकडे पाठ करून लिहीत बसलो आहे. काडेपेटीचा आवाज झाला. दिवा लागला असणार, उजेड वहीच्या कडेला पोचला आहे. नमस्कार करताना तिच्या बांगड्या वाजल्या. पावलं निघाली. हल्ली स्वयंपाकघराकडे वळतात ती. नाही वळली. शशीच्या खोलीच्या दाराशी थांबली आहेत.