मंगळवारी भांडायला या

कंधार, शुक्रवार

श्रीमंतराव यांस,

कंधारहून पाशामियाँ टेलरचा सलाम. इकडे सर्व खुशाल. अहमदपुरात आपली, सिंधुवहिनींची आणि म्हशीची तब्येत कशी आहे? (आपल्या लेकीच्या, ऋतुजाच्या लग्नापासून दोन वर्षं आपण बोलत नाही, हे ध्यानात आहे. हे बोलणं नाही, पत्र आहे.)

‘सर्व खुशाल’ हे रिवाज म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मागच्या महिन्यात कटिंग करता करता, हातात कात्री असताना, मी चक्कर येऊन पडलो. कात्री शाबूत आहे. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, हृदयाचा ठेका मधेच बिघडतो. पण तो बिघडलेला असताना कागदावर सापडल्याशिवाय गोळी द्यायची की छातीत मशीन बसवायचं, हे ठरत नाही. म्हणून त्यांनी छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला डबी बांधली आणि चोवीस तास रोजच्यासारखं जगायला सांगितलं.

आता घरचे जगू देतील तर ना. शिट्टी नको म्हणून साबेराने कुकर सोडून उघड्या पातेल्यात भात केला. आमच्या लेकीने, जेबाने शिलाई मशीनवर चादर टाकली, टीव्ही बंद केला आणि दारात उभं राहून गिऱ्हाइकं परतवली. तीन महिने पायजम्यासाठी माझं डोकं खाणारे मन्मथ मास्तर बाहेरूनच ‘सावकाश द्या’ म्हणून गेले, तेव्हा मीच घाबरलो. त्या दिवशी कंधारात लाइटसुद्धा गेली नाही. काय होतं ते वेळेसकट वहीत लिहायचं होतं. मी लिहिलं: नऊ, चहा. दहा, काही नाही. अकरा, कंटाळा.

डॉक्टर म्हणाले, इतके नीट ठोके तर माझेही नाहीत. आता सोमवारी दुपारी पुन्हा डबी बांधायची, ती मंगळवारी दुपारपर्यंत. परतताना बसमध्ये साबेरा भडकली, “आता काय कुणाला भांडायला बोलवू का?”

तेव्हा मला आपली आठवण झाली. लग्नात मी शिवलेल्या आपल्या जाकिटाचं बटण लागेना, तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर आपण विचारलं होतं, “पाशा, उरलेल्या कापडाची टोपी शिवलास का रं?” ते आठवलं की आजही छाती धडधडते. घरच्यांपैकी हे कुणाला जमत नाही. (साबेरालाही नाही. तिची सवय झाली आहे.)

भीती वाटते, एवढं खरं. याही वेळी सापडलं नाही, तर पुढच्या वेळी पडल्यावर उठेनच असं नाही.

आपला,
पाशामियाँ

ता. क. मंगळवारी पहिल्या एसटीने या. तेच जाकीट, तेच वाक्य, तेवढाच आवाज. जेबा दारात अडवणार नाही.

आणखी एक ता. क. हे बुधवारी वाच. (तू आत्ताच वाचणार.) कापड चोरलं नव्हतं, माप चुकलं होतं. तुझ्या छातीला टेप लावली तेव्हाच माझी छाती पहिल्यांदा धडधडली, डोळ्यांपुढे आकडे हलले आणि चाळीसच्या जागी मी अडतीस लिहिलं. कबूल करायची लाज वाटली, म्हणून तुझं पोट सुटलंय असं गावभर सांगत फिरलो. शिवणीच्या आत दोन इंच कापड तसंच दुमडलेलं आहे, उसवून बघ. नाहीतर राहू दे, मीच उसवून देतो. पण आधी भांड.