पितळेवरच्या खुणा

प्रिय दादा,

तुझे फोन मी उचलत नाही म्हणून तू वहिनीच्या फोनवरून लावलास. तोही मी उचलला नाही. रागावलेय असं समजू नकोस. तुझ्याशी बोलायला मला तोंड राहिलेलं नाही. शिवाय लिहिताना मध्येच कुणी "अगं, आधी ऐक तर" असं म्हणत नाही.

मला प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा तू पोलीस ठाण्यातल्या मित्रांना सांगायचास, "आमची धाकटी पितळ वाचते. आता कुणाचं पितळ कधी उघडं पडेल, नेम नाही." जेवताना मी तुला ते वाचन समजावत बसायचे आणि वहिनी ओरडायची, "हात वाळले दोघांचे." गोळी सुटली की पिस्तुलाची सुई गोळीच्या पितळी पुंगळीच्या बुडाशी खळगा पाडते. मग एक छोटा आकडा पुंगळीची कड धरून तिला मागे ओढतो, त्याचा ओरखडा उठतो. मागे एक खुंटी असते, तिच्यावर बूड आपटतं आणि पुंगळी उडून बाहेर पडते. तिथेही एक टोचा राहतो. एकाच कारखान्यातली दोन पिस्तुलं जुळ्यांसारखी दिसली, तरी हे ओरखडे ज्याचे त्याचेच असतात. तू म्हणायचास, "म्हणजे पिस्तूल सही करतं म्हण ना."

तुझं प्रकरण आलं त्याच्या आदल्या दिवशी तुझा फोन आला होता. "उद्या माझं पाकीट तुमच्याकडे येतंय. जरा सांभाळून बघ," एवढंच म्हणालास. मी "बरं" म्हणाले. ते "बरं" मला अजून टोचतंय. मी तेव्हाच आमच्या विभागप्रमुख बाईंकडे जाऊन सांगायला हवं होतं की हा माझा सख्खा भाऊ आहे, हे काम माझ्याकडे देऊ नका. पाकिटावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. मी त्या क्रमांकाआड लपले. खरं सांगू, तू निर्दोष आहेस हे माझ्याच हातून सिद्ध व्हावं, अशी हौस होती मला.

पाकिटात दोन पिस्तुलं होती, एक तुझं आणि एक तुझ्या चकमकीत मेलेल्या त्या मुलाच्या हातात सापडलेलं. तीन रिकाम्या पुंगळ्या होत्या. दोन त्याच्या पायाशी मिळालेल्या, एक तुझ्याजवळ. त्याने दोनदा गोळी झाडली, मग तू एकदा, असं तुझं म्हणणं. मी दोन्ही पिस्तुलांतून पाण्याच्या टाकीत गोळ्या झाडल्या आणि त्या पुंगळ्या घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बसले. त्याच्या पिस्तुलाचा ओरखडा रुंद आणि बोथट. तुझ्याचा बारीक, टोकाशी किंचित दुभंगलेला. तिन्ही पुंगळ्यांवर तो दुभंगलेला ओरखडाच होता. मी पुंगळ्या पुसल्या, दिवा बदलला, पुन्हा पाहिलं. मग उठून तोंड धुऊन आले आणि परत पाहिलं. दादा, त्या मुलाने एकही गोळी झाडली नव्हती. त्याच्या पायाशी त्या पुंगळ्या कुणी ठेवल्या, हे मी तुला विचारत नाही.

त्या दिवशी मी अहवालात लिहिलं, "खुणा अस्पष्ट, निश्चित मत देता येत नाही." असं वाक्य आम्ही खरोखरच कधी कधी लिहितो. कुणालाही संशय आला नसता. घरी गेले, पोटभर जेवले आणि गाढ झोपले. मला सगळ्यात जास्त लाज त्या झोपेची वाटते.

सकाळी आमच्याकडची नवीन मुलगी एक किचकट पुंगळी घेऊन आली. मी मत सांगितलं, तर दुसऱ्यांदा न बघताच लिहायला लागली. मी म्हटलं, "अगं, स्वतः बघ." ती म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणालात म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." मला तिथे बसवेना. तो अहवाल घेऊन मी बाईंकडे गेले आणि तू कोण, मी काय पाहिलं, काय लिहिलं, सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही आलीस?" प्रकरण दुसऱ्या तपासनिसाकडे गेलं. त्यालाही तेच दिसलं. तेव्हापासून तो जिन्यात समोर आला की बाजूला होतो. माझी चौकशी होईल, आणि ती व्हायलाच हवी.

अहवाल आज सकाळी रवाना झाला, तेव्हा तुला सावध करायला हे लिहीत नाही. लिहितेय ते आईसाठी. "माझा मुलगा मरता मरता वाचला," असं ती अजून जो भेटेल त्याला सांगते. काल मला म्हणाली, "त्या मुलाच्या आईला भेटून येते गं. त्याने केलं ते वाईटच, पण त्या माउलीचा काय दोष? तुम्हाला माफ केलं, असं सांगून येते, म्हणजे तिचाही जीव हलका होईल." कुठूनसा पत्ताही काढलाय तिने. चांगली साडी इस्त्रीला दिलीय. रविवारी तुला सोबत न्यायचं म्हणतेय. तिने त्या दारात पाय ठेवण्याआधी तू घरी ये आणि तुझ्या तोंडून तिला सांग. तू आला नाहीस, तर मी सांगेन.

तुझीच,
धाकटी