जानेफळच्या तळ्यातली पाणपिसू

बुधवार, संध्याकाळ. खामगाव.

जानेफळचं तळं आज कोरडं होतं. चार वर्षं जिल्हाभरच्या पाणपिसवा, पाण्यातले हे टाचणीच्या डोक्याएवढे जीव, गोळा करतेय. शेपटाकडच्या नखीवर जादा काटा असलेली पाणपिसू फक्त तिथंच सापडली होती. बहुतेक नवी जात. तिचे नमुने माझ्याच हलगर्जीपणानं बाटलीत सुकून गेले. तो काटा मी एकटीनंच पाहिलाय. कोण मानणार?

तळ्याशेजारचे शेतकरी रहीमचाचा म्हणाले, "गाळ काढला ना मॅडम. लोकायनं वावरात नेऊन टाकला. तुमाले काऊन पायजे होता?"

काय सांगू? तळं आटलं तरी वर्षानुवर्षं तग धरणारी तिची अंडी त्या गाळातच होती. वावरं पिकतील, मग रागावू तरी कुणावर?

चाचांनी विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून दिलं. त्यात एखादी तरी सापडेल म्हणून घरी येऊन थेंबन् थेंब तपासला. नुसतं स्वच्छ पाणी.