बाबांची फेरी

शनिवार, १४ जून

प्रिय ताई,

आज सुट्टी होती, तरी ऑफिसात आलो. इथे कुणी नाही. एसी बंद आहे म्हणून खिडकी उघडून बसलोय. तू आणि भावोजी बरे असाल. तुझे फोन उचलले नाहीत, रागावू नकोस. बोलायला लागलो की सुचत नाही.

मी बरा आहे. काम खूप आहे. आमच्या शर्यतीच्या गेममध्ये गाडी कुठे आहे, चाक किती घसरलं, याचा हिशेब कॉम्प्युटर सेकंदाला साठ वेळा करायचा. दोन हिशेबांच्या मधे गाडी जणू डोळे मिटून धावते. वेग असला तर तेवढ्यात हातभर पुढे जाते. मधे रस्त्याची कड आली तरी तिला पत्ता नसतो. आता तोच हिशेब तीनशेसाठ वेळा करायचं ठरलंय. गाडी खरीच वाटते.

पण एक गोम आहे. खेळाडूंनी मारलेल्या जुन्या फेऱ्या आम्ही चित्र म्हणून साठवत नाही. स्टिअरिंग किती फिरलं, पायाने पेडल कधी दाबलं, एवढंच ठेवतो. हिशेब बदलला की त्याच हातापायांनी गाडी भलतीकडे जाते. आमच्या पट्टीच्या खेळाडूंच्या फेऱ्या दुसऱ्या वळणालाच भिंतीत गेल्या. साहेब म्हणाले, जुनं सगळं पुसून टाका.

त्यात एक फेरी बाबांची आहे. गेल्या वर्षी ते माझ्याकडे आले होते तेव्हा त्यांना ऑफिसात आणून गेमवर बसवलं होतं. जन्मभर लोकांना गाडी शिकवलेला माणूस. आधी आरसा शोधला, मग सीट बेल्ट. सगळे भोवती जमले. माझ्या शेजारी बसणारा म्हणाला, "काका, बाकीच्या गाड्या तुम्हाला दोनदा मागे टाकून गेल्या."

"जाऊ देत की. लायसन आहे का विचार त्यांना."

नवा हिशेब बसवायचं काम माझंच. बाबा गेल्यापासून मी ते टाळतोय. साहेबांना काहीबाही कारणं दिली. बाबांची गाडी भिंतीवर आदळलेली मला बघायची नव्हती. न बघता पुसायचीही नव्हती.

आज नव्या हिशेबावर ती लावली. पहिलं वळण गेलं, दुसरंही. सावकाश चालवणाऱ्याच्या बाबतीत हिशेबातला फरक फारसा वाढत नाही, हे मला माहीत होतं. तरी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. सरळ रस्त्यावर गाडी वीतभर डावीकडे सरकली, तेवढंच. शेवटच्या रेषेवर बाबांनी ती थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

मग उत्सुकता वाटली म्हणून हिशेब सेकंदाला हजार वेळांवर नेला. तरी पोचली.

ही एक फेरी मी ठेवणार आहे. सोमवारी साहेबांना सांगेन. का, तेही सांगेन.

आता पुन्हा लावली आहे. ती चालू ठेवून डबा उघडलाय आणि सावकाश जेवतोय.

तुझा,
धाकटा